सरकींतलें विष

वऱ्हाडचा इतिहास सांगणारा वक्ता कापसापाशीं हटकून थांबतो. सरकीपाशीं मात्र सहसा कोणी थांबत नाहीं. वस्तुतः १०० शेर कापूस जिनांत घातला असतां रुई निघते सुमारें ३५ शेर. बाकीची बहुतेक सरकीच.

१८५३ सालीं वऱ्हाडचा कारभार निजामाकडून कंपनी सरकारकडे आला. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी माजली, तेव्हां लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टि इकडे वळली. आणि १८६७ त आगगाडी नागपुरास पोंचल्यावर अमरावती व अकोला येथील बाजारांस निराळेंच तेज चढलें. रुई मुंबई बंदराकडे गेली. सरकीचा मोठा वांटा गव्हाणींत पडला, आणि तेल काढूं लागल्यावर उरलेली ढेपहि तेथेंच आली. बैल तिजवर पोसले, म्हशींचें दूध दाट झालें. मग हींत विष आहे असें कोण म्हणेल?

परंतु तें आहे. सरकी चिरून पाहावी. मगजांत बारीक काळे ठिपके दिसतात. त्यांतील पिवळ्या द्रव्यास मार्खलेव्स्की नामक पोलिश रसायनज्ञानें १८९९ त गॉसिपॉल हें नांव दिलें. जनावरांना होणारी बाधा त्याचीच, हें १९१५ त अमेरिकेंतील विदर्स व कॅरुथ यांनीं दाखविलें. त्याच्या रेणूची रचना रॉजर अ‍ॅडम्स यांनीं १९३८ त उलगडली. बैल वांचतो तो आपल्या पोटांतील सूक्ष्म जंतूंच्या कृपेनें. तेथें बरेंचसें विष प्रथिनांशीं जखडलें जातें. कोंबडीस, डुकरास आणि अद्याप रवंथ करूं न लागलेल्या वासरास ही सोय नाहीं. माणसासहि नाहीं: चीनमधील कांहीं खेड्यांत कच्चें सरकीतेल खाणाऱ्या घरांतून पाळणा हलेनासा झाला, त्याचें कारण हेंच निघालें.

ठिपकेच नसलेली कपाशी १९५० नंतर अमेरिकेंत तयार झाली खरी. पण विष हें झाडाचें शस्त्र होतें, तें जातांच किडींचें फावलें. पुढें २००६ त टेक्सासमध्यें कीर्ति राठोड व त्यांचे सहकारी यांनीं केवळ बियांतील गॉसिपॉल घटविण्याची युक्ति साधली. आपल्यापुढें मात्र आज हातीं असलेल्या ढेपीचा प्रश्न आहे. ती शिजविली तर विष प्रथिनांस चिकटून निरुपद्रवी होतें, पण त्याबरोबर लायसिन हें मोलाचें अमिनो आम्लहि फुकट जातें. चोराबरोबर सावहि बांधला जावा, तसें हें आहे.

येथें बुरशी कामास येते. कुजक्या ओंडक्यावर उगवणारी धिंगरी लाकडांतील चिवट लिग्निन तोडते. गॉसिपॉल हेंहि फिनॉल वर्गांतलेंच, त्यामुळें तिचीं विकरें त्यावरहि चालतात. मैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं भाताच्या पेंढ्यांत सरकीची पूड मिसळून तिजवर धिंगरी वाढविली, तेव्हां गॉसिपॉल घटल्याचें त्यांना आढळलें. हें काम २००१ त प्रसिद्ध झालें. चीनमध्यें ढेपीवर यीस्ट व काळी बुरशी वाढवून असेंच साधलें आहे. अकोल्यास १९६९ पासून कृषि विद्यापीठ आहे. ही विद्या रुजण्यास त्याहून योग्य भूमि मला तरी दिसत नाहीं.

पण एक सावधगिरी हवी. ओली ढेप उघडी पडली तर तिजवर हिरवट पिवळी बुरशी आपण होऊन चढते, आणि तिच्या कांहीं जाति अफ्लाटॉक्सिन नांवाचें दुसरें विष निर्माण करतात. तें दुधांतहि उतरतें. म्हणून ढेप आधीं वाफेनें निर्जंतुक करावी, निवडक बुरशीच पेरावी आणि काम होतांच ती वाळवावी. श्रावणाच्या झडींत हें शेतकऱ्याच्या अंगणांत जमणें कठीण. ज्या तेलगिरणीजवळ बॉयलर व शेड आहे, तिनेंच तें अंगावर घेतलें पाहिजे.