थ्रेड 🧵 : १०० सेकंदांचे काम २२ तासांवर कसे गेले?

इ.स. १९८८. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाचे डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी शिकागोच्या सिगमॉड परिषदेत एक शोधनिबंध मांडला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त, छोट्या डिस्क जोडाव्यात, हा त्याचा गाभा. 'रेड' हे नाव तिथून रूढ झाले. कल्पना मात्र जुनी. आयबीएमच्या नॉर्मन औची यांना अशाच तंत्राचे पेटंट १९७८ मध्येच मिळाले होते.

डिस्क अनेक म्हटल्या की बिघाडही अनेक. त्यावर उपाय 'पॅरिटी'चा : उरलेल्या डिस्कांवरून गेलेल्या डिस्कचा मजकूर गणिताने पुन्हा उभा करायचा. ही पुनर्बांधणी चालू असताना दुसरी डिस्क गेली, तर एकच पॅरिटी असलेला संच बुडालाच. म्हणून इथे वेगाला इतके महत्त्व.

निबंधात उदाहरणासाठी घेतलेली कॉनर कंपनीची डिस्क १०० एमबीची, वेग सेकंदाला १ एमबी. पूर्ण लिहायला १०० सेकंद. आज १६ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबी वेगाने लिहिली, तरी ८०,००० सेकंद लागतात. २२ तासांहून अधिक. क्षमता १,६०,००० पट वाढली, वेग अवघा २०० पट. संथपणाचे मूळ या दरीत आहे.

तरीही कित्येकदा २२ तासांचेही काम कित्येक दिवस रेंगाळते. लिनक्समधील 'एमडी' या प्रणालीने वापरकर्त्याच्या कामाला अग्रक्रम दिला. संचावर इतर वाचन-लेखन सुरू असले की पुनर्बांधणी मागे सरते आणि किमान वेगावर येते. हा किमान वेग मुळात सेकंदाला १,००० केबी, म्हणजे जवळपास त्या जुन्या कॉनर डिस्कचाच! (हा निव्वळ योगायोग.) त्या वेगाने १६ टीबीला सुमारे १८५ दिवस लागतील. म्हणून अनुभवी प्रशासक आधी 'एमडीस्टॅट'मधला चालू वेग पाहतो, संचावरचा इतर भार कमी करतो आणि किमान मर्यादा वाढवतो. पॅरिटीच्या संचात 'स्ट्राइप कॅशे'ही वाढवून पाहतो. तिचे मूळ मूल्य २५६ इतके तुटपुंजे आहे.

एवढ्यानेही वेग वाढला नाही, तर संशय एखाद्या सदस्य डिस्कवर. संच सर्वांत मंद डिस्कच्या चालीने चालतो आणि खराब सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत बसणारी एकच डिस्क सगळ्यांना रोखून धरते. अशा वेळी मर्यादा वाढवणे व्यर्थ. ती डिस्क ओळखणे हेच काम.

आणखी एक कारण २०२० मध्ये उघड झाले. कौलांप्रमाणे एकमेकींवर चढलेल्या मार्गिकांची, 'एसएमआर' तंत्राची डिस्क सलग पुनर्लेखनात अडखळते. घरगुती सर्व्हरसाठी विकल्या जाणाऱ्या काही डिस्कांत हे तंत्र असल्याचे ग्राहकांना सांगितलेच नव्हते. ओरड झाली, तेव्हा त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये उत्पादकांना आपल्या एसएमआर डिस्कांच्या याद्या जाहीर कराव्या लागल्या.