चोपड्याचे पोते आणि पणजीचा पगार

गोवा मुक्तीनंतर पणजीस स्थायिक झालेल्या पेडणेकर कुटुंबांचा विषय निघाला की, ‘तुटपुंज्या पगारात त्यांनी संसार उभे केले’, असे गौरवाने म्हटले जाते. हे अर्धेच सत्य आहे, असे आम्हांस वाटते. पगार पणजीत मिळे हे खरे. परंतु संसाराचा मोठा भार शापोरा नदीपलीकडचे गाव उचलीत असे.

पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेला. नव्या काबिजादीतील या मुलखात शिक्षणाची ओढ मराठीकडे, तर पणजीच्या कचेऱ्यांतील कारभार पोर्तुगीजमध्ये. साहजिकच नोकरीची वाट मुंबईकडे जाई. १९ डिसेंबर १९६१ नंतर ती वळली. २० डिसेंबर १९६३ रोजी भाऊसाहेब बांदोडकरांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले, खाती वाढली आणि आदिलशहाच्या राजवाड्यातील सचिवालयात आमच्या भागातील तरुण दिसू लागले.

त्यांचा पगार किती होता? केंद्राच्या दुसऱ्या वेतन आयोगाने कनिष्ठ लिपिकास ११० ते १८० रुपयांची श्रेणी दिली होती आणि संघप्रदेशातील कारकुनाचे मोजमाप त्याच पट्टीने होई. पहिली सात वर्षे वार्षिक वाढ तीन रुपये! महागाई भत्ता वेगळा. पण पणजीत दोन खोल्यांचे भाडे, दूध, सरपण आणि मुलांची पुस्तके एवढ्यातच महिना संपे. त्यातच १९६५-६६ ची देशव्यापी धान्यटंचाई आली.

येथे चोपड्याचे पोते कामी येई. पावसाळ्यापूर्वीचे पुरुमेंत म्हणजे या कुटुंबांचा खरा अर्थसंकल्प होता. उकडे तांदूळ, कुळीथ, सोलां, चिंच, सुकी मासळी, नारळ आणि शेजारच्या आगरवाड्याच्या मिठागरांतील मीठ. हे सारे चोपड्याहून होडीने शिवोलीस, तेथून बसने म्हापशास, पुढे बेतीस आणि मांडवीवर पूल होईपर्यंत पुन्हा फेरीबोटीने पणजीस येई. दोन नद्या ओलांडून आलेल्या त्या पोत्याची नोंद घरखर्चाच्या वहीत कधीच होत नसे. वडील प्रत्येक पैशाचा हिशेब लिहीत, पण तांदळासमोर रकाना कोराच. तो विकत घेतलेला नव्हता ना!

मात्र तो फुकटही नव्हता. खाजनाचे बांध कुळांनी राखले होते, भात त्यांनी कापले होते आणि आमच्याकडे येई तो त्यांच्या कष्टांतून निघालेला खंड. तो मोजून घेणे, उकडणे, कांडून घेणे, पाडेल्याला बोलावून नारळ उतरवणे हे सर्व गावी राहिलेल्या आमच्या काकू पाहत. गणपतीला पणजीकर घरी जात, तेव्हा काटकसरीचे कौतुक वडिलांचे होई. काकूंना त्या कौतुकात कोणी वाटेकरी केल्याचे आम्हांस आठवत नाही.

कुळकायदा १९६४ चा. पण निर्णायक ठरली ती पुढील दुरुस्ती. तिच्यान्वये कुळे २० एप्रिल १९७६ पासून कसत्या जमिनीची मालक मानली गेली. खंड थांबला. आमच्या बिऱ्हाडात त्या काळी कुरकुर झाली नाही असे नाही. तरीही आमच्या मते तो कायदा न्याय्यच होता. पिढ्यान्‌पिढ्या चिखलात उभे राहणाऱ्याच्या भातावर शहरातील कारकुनाचे घर चालावे, ही व्यवस्था कधीतरी संपायलाच हवी होती. त्यानंतर मात्र पणजीच्या पगाराची खरी परीक्षा सुरू झाली. तिसऱ्या वेतन आयोगाची २६० ते ४०० ही श्रेणी १९७३ पासून लागू होती. तिच्यातून आता तांदूळही विकत आणावा लागला. अनेक गृहिणींनी शिवणयंत्रे घेतली, कोणी शिकवण्या सुरू केल्या, तर काही घरांतील सुना प्रथमच नोकरीस लागल्या. या बदलाचे श्रेय स्त्रीशिक्षणाला दिले जाते, ते योग्यच आहे. त्यात बंद झालेल्या खंडाचाही वाटा आहे.

५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरील नेहरू पूल कोसळला, तेव्हा आम्ही स्वतः नोकरीत होतो. पणजीकरांना पुन्हा बेतीच्या फेरीबोटींसमोर रांगा लावाव्या लागल्या. त्या रांगांत जुनी माणसे हटकून पोत्यांच्या गोष्टी काढीत. चोपड्याहून तेव्हाही सामान येई, पण एका पिशवीत मावेल एवढेच: दहा-बारा नारळ, थोडी सोलां आणि काकूंनी आठवणीने घातलेली मिठाची पुडी.