तो अभंग तुकोबांचा नव्हता

परवा नातीने मोबाईलवर प्रभातचा 'संत तुकाराम' लावून दिला. १९३६ सालचा चित्रपट. विष्णुपंत पागनीस बीज आणि तरुवराचा तो अभंग गाऊ लागले आणि मला माझी एक जुनी चूक आठवली.

१९८० च्या सुमाराची गोष्ट. आठवीच्या वर्गात मी तो अभंग तुकोबांचा म्हणून फळ्यावर लिहून दिला होता. पुस्तकात नव्हता, माझाच उत्साह! आठवड्याने एक मुलगा म्हणाला, "बाई, आमच्या गाथेत हा नाहीये. आजोबांनीपण शोधला." मी म्हटलं, "नीट बघ, असेल."

घरी येऊन मी स्वतः गाथा चाळली. नव्हताच! पुढे केव्हातरी कळलं की तो शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिला होता. अशी फसगत भल्याभल्यांची झाली आहे म्हणे. पण वर्गात जाऊन चूक सुधारायला हवी होती, ती मी सुधारली नाही.

आता बघा, शब्द आठवल्यांचे, संगीत केशवराव भोळ्यांचं, गळा पागनिसांचा, पटकथा शिवराम वाशीकरांची, दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचं. मग हे सगळं कुणाचं म्हणायचं?

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने याचं सरळ उत्तर दिलं : चित्रपट पूर्ण होताना जो त्याचा मालक, तोच चित्रपटाचा कर्ता. १९९४ च्या दुरुस्तीत 'निर्माता' हा शब्द आला. दिग्दर्शकाचं नाव त्यात नाही. २०१० च्या विधेयकात मुख्य दिग्दर्शकाला सहकर्ता करायची सूचना होती, तीही शेवटी गळली.

गीतकार-संगीतकारांचं दुखणं तर त्याहून जुनं. चित्रपटगृहात गाणं वाजलं की आपल्याला मानधन मिळावं, असं त्यांच्या संस्थेचं, आयपीआरएसचं, म्हणणं होतं. निर्मात्यांनी विरोध केला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पैसे देऊन गाणं करून घेतलं आणि वेगळा करार नसला, तर त्यावर पहिला हक्क निर्मात्याचा. त्याच निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडलं. कायद्याला गाणाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही, संसदेने याचा विचार करावा, असा त्याचा मथितार्थ.

संसदेला वेळ लागला. १९९४ मध्ये कलावंतांना काही हक्क मिळाले. मग २०१२ ची दुरुस्ती आली. राज्यसभेत तेव्हा जावेद अख्तर होते, त्यांनी हा विषय लावून धरला होता. आता हक्क लिहून दिले तरी, चित्रपटगृहाबाहेर गाणं वापरलं गेलं की रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराकडेच राहतो. तो सोडून देतो असं लिहून घेतलं तरी ते चालत नाही. गायकांनाही व्यापारी वापरात वाटा मिळाला.

पैशांचा हिशेब कायदा बघेल. नाव सांगायचं काम मात्र आपलं, आणि ते मीच चुकवलं होतं. आठवल्यांचे शब्द तुकोबांच्या नावावर घातले आणि खरं कळल्यावरही गप्प बसले.

तो मुलगा आता साठीला टेकला असेल. बाळा, हे कधी वाचलंस तर एवढंच सांगते, तू गाथा नीटच बघितली होतीस.