‘उतरणे’ची कुळकथा

बाजारात कांदा उतरतो, औषधाने ताप उतरतो, निकाल लागला की मुलाचं तोंड उतरतं. कमी होण्याच्या कामी मराठीत इतकं राबणारं दुसरं क्रियापद नसेल. गंमत अशी, की याच्या कुळात उणेपणा कुठेच नाही. संस्कृतात ‘उत्’ आणि ‘तॄ’ मिळून अर्थ होतो पाण्यातून तरून बाहेर येणं, पलीकडे जाणं. ‘उत्तीर्ण’ हा त्याचा सख्खा भाऊ. नदी जिथे चालत ओलांडता येते तो उतार, प्रवास करतो तो उतारू. होडीतून काठावर पाय टाकायचा तर खालीच यावं लागतं. बहुधा तिथूनच अर्थ घसरला आणि पुढे भावापासून रंगापर्यंत सगळं उतरू लागलं. ‘कसोटीला उतरणे’मध्ये मात्र जुना अर्थ शाबूत आहे.

गाण्याबजावण्यात या शब्दाचे दोन संसार आहेत. पावसाळी हवेत तबल्याचं चामडं ओल धरतं, सैलावतं आणि तबला उतरतो. मग कडेच्या गजऱ्यावर हातोडीने वरून ठोकून तो चढवायचा. फार चढला तर खालून ठोकून उतरवायचा. गवयाचा सूर नकळत उतरला तर मात्र तो सरळ दोष. वय झालं की पट्टी उतरवून गातात, त्यात कमीपणा कुणी मानत नाही.

दुसरा संसार मुद्दाम उतरवलेल्या सुरांचा. सा आणि प अचल. रे, ग, ध, नी जागेवरून खाली आले की कोमल. भातखंड्यांनी आपल्या स्वरलिपीत त्यासाठी स्वराखाली आडवी रेघ दिली. शिकवायला ती सोयीची, पण दरबारी कानडा रागातला ग, म्हणजे गंधार, त्या रेघेत मावत नाही. तो नेहमीच्या कोमलाच्याही खाली झुलत असतो, आणि हार्मोनियमच्या ठरलेल्या पट्टीवर तो झोल मिळत नाही. जाणकार त्याला ‘अतिकोमल’ म्हणतात, बैठकीत ‘उतरा’ म्हणतात.

‘कोमल’ सुराचा स्वभाव सांगतो, ‘उतरा’ त्याची जागा. दरबारीच्या गंधारापुरता तरी मला बैठकीतलाच शब्द अधिक नेमका वाटतो.