पिल्लांच्या डोळ्यांची गोष्ट

आम्ही नागपूरच्या मनीषनगरातून बोलतोय. आमच्याकडे लॅब्रॅडॉर पाळणारे बरेच. पिल्लं विकून चार पैसे मिळवावेत, असं तुमच्याही गटात कुणाला वाटत असेल.

या जातीतल्या काही कुत्र्यांना डोळ्यांचा एक आजार आईबापांकडून येतो. आधी रातांधळेपणा, मग पूर्ण अंधत्व. तो बहुधा काही वर्षांनी कळतो, तोवर कुत्रीची दोन वेतं होऊन गेलेली असतात.

विदर्भात हे गणित वेगळं समजवायला नको. सिकलसेलसारखंच आहे. नवराबायको दोघंही एएस, तर प्रत्येक बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक.

गेल्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात आयरिश सेटर कुत्र्यांमध्ये असाच आजार पसरला होता. वरून धडधाकट दिसणारा वाहक ओळखायचा कसा? त्याची जोड मुद्दाम आंधळ्या कुत्रीशी लावायची आणि पिल्लं आंधळी होतात का, याची वाट पाहायची. एका उत्तरासाठी अख्खं वेत! आजार कमी झाला खरा, पण किंमत पिल्लांनी मोजली.

१९९३ साली सेटरमधला जनुकाचा दोष सापडला, २००६ साली लॅब्रॅडॉरसह अनेक जातींमधला. आता गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा तपासणीला पुरतो.

वाहक निघाली म्हणून कुत्रीला टाकू नका. तिला निर्दोष नर शोधा, या आजाराने एकही पिल्लू आंधळं होणार नाही. आणि पिल्लू विकत घेताना आईबाप दोघांच्या तपासणीचा कागद मागा. ‘डोळे तर चांगले दिसतात’ हे उत्तर चालवून घेऊ नका.