मनोरुग्णांची शुश्रूषा आणि खानदेश

महाराष्ट्रातील शासनाची चार जुनी मनोरुग्णालये आपल्या ऐकिवात आहेत : नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६), ठाणे (१९०१) आणि पुण्याचे येरवडा. यांतील एकही खानदेशात नाही. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठिकाणे ठरली. कचेऱ्या आल्या, न्यायालये आली. परंतु मनोरुग्णासाठी खानदेशाबाहेरची वाट धरावी लागे.

ती वाटही सोपी नव्हती. १९१२च्या कायद्यान्वये नातेवाइकांना अर्जासोबत दोन वैद्यकीय दाखले जोडून दंडाधिकाऱ्याचा आदेश मिळवावा लागे. वाटेवर भटकणाऱ्या रुग्णास पोलीस ताब्यात घेऊ शकत. अशा व्यवस्थेत रुग्णाजवळचा माणूस हा रखवालदार होता, परिचारक नव्हे. ज्यांना हा खटाटोप झेपत नसे त्यांच्यापुढे भगत, देवऋषी आणि कधी खांबाला बांधलेली साखळी, एवढेच उरे. त्या कुटुंबांना निष्ठुर म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांना ही शुश्रूषा कोणी शिकवलीच नव्हती.

रखवालदाराची जागा परिचारिकेने घेण्याच्या प्रवासात १९५२ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांवर वापरले गेले आणि अमेरिकेत हिल्डगार्ड पेप्लॉ या परिचारिकेचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. परिचारिका आणि रुग्ण यांचे नाते हेच उपचाराचे साधन होय, असे तिने मांडले. पहिली ओळख, मग विश्वास, मग त्या आधारावर रुग्णाची उभारी आणि अखेर त्याचे स्वावलंबन, असा तो क्रम आहे. ‘शेजारी मला विष घालणार’ असे रुग्ण म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नये, आणि होकारही भरू नये. ‘तुला भीती वाटते आहे, मी जवळ आहे’ असे सांगावे. औषध वेळेवर द्यावे, झोप व भूक यांवर लक्ष ठेवावे, आत्मघाताची भाषा कधीही थट्टेवारी नेऊ नये.

हे काम घरचे लोकही शिकू शकतात, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारातील तंबूंत रुग्णासोबत राहावयास लावले. आजार समजला तशी भीती ओसरली. बेल्जियममधील घील या गावी तर संत डिंफ्ना हिच्या यात्रेला येणाऱ्या मनोरुग्णांना सामान्य कुटुंबांनी मध्ययुगापासून घरात ठेवून घेतले; ती परंपरा आजही चालू आहे.

तरीही साखळी सुटण्यास विलंब लागला. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे लागलेल्या आगीत साखळदंडांत जखडलेले २५हून अधिक रुग्ण होरपळून मेले. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णास साखळीने बांधणे निषिद्ध ठरवले, आणि शासकीय सेवेतून उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पूर्वीपासून आहे, जळगावात ते २०१८ साली सुरू झाले. १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करूनही मानसिक आधार व सल्ला मिळतो. पूर्वीइतकी लांबची वाट आता चालावी लागत नाही.

उरला तो आपला उंबरठा. धर्मग्रामात कोणी तापाने अंथरुणास खिळले तर आपण पेज घेऊन त्याच्या घरी जातो. मन आजारी असेल तर मात्र आवाज खाली आणतो आणि त्या दारावरून पुढे निघून जातो. त्या घरातील आई कित्येक रात्री जागी असते. तिच्याजवळ तासभर बसून तिला झोपू देणे, हीदेखील शुश्रूषाच आहे, आणि ती करण्यास कोणत्याही पदविकेची गरज नाही.