गरोदरपणातील स्थूलता (बंगळुरू)

गर्भ राहतेवेळी स्त्रीच्या अंगात प्रमाणाबाहेर चरबी असणे. वजन (किलो) भागिले उंचीचा (मीटर) वर्ग, म्हणजे बीएमआय, हे याचे रूढ माप. जगभर 30 च्या पुढे स्थूलता मानतात. भारतीयांसाठी 2009 मध्ये तज्ज्ञांनी ही रेषा 25 वर आणली, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटाभोवती चरबी जास्त असते. कर्नाटकात बीएमआय 25 किंवा अधिक असलेल्या स्त्रिया 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 23 टक्के होत्या, पुढच्या सर्वेक्षणात (2019-21) 30 टक्के झाल्या. त्याच राज्यात अंगणवाडीत गरोदर बायकांना रोज गरम जेवण देणारी मातृपूर्ण योजना 2017 पासून चालते. कुपोषण आणि स्थूलता इथे शेजारी-शेजारी नांदतात, कधी एकाच घरात.

स्थूल आईला सर्वांत मोठा धोका गरोदरपणातल्या मधुमेहाचा आणि रक्तदाब वाढून होणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियाचा. गर्भपात, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, सिझेरियन, टाक्यांत पू होणे, प्रसूतीनंतर जास्त रक्तस्राव हेही वाढते. पाठीत भुलीची सुई देणे अवघड जाते, आणि पोटावरच्या चरबीमुळे सोनोग्राफीत बाळाचे हृदय व मणका नीट दिसत नाहीत. हे विशेष गंभीर आहे, कारण हृदयाचे आणि मज्जारज्जूचे जन्मदोष स्थूल मातांच्याच गर्भांत थोडे अधिक आढळतात. दूध उतरायलाही काहींना उशीर लागतो.

बाळाचे नुकसान बहुधा साखरेच्या वाटेने होते. आईच्या रक्तातली जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही; म्हणून बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन बनवते आणि चरबी साठते. मोठ्या बाळाचा खांदा बाहेर येताना अडकू शकतो. नाळ कापली की साखरेचा पुरवठा थांबतो, इन्सुलिन तसेच राहते, आणि पहिल्या काही तासांतच बाळाची साखर घसरते.

आपल्या देशात मात्र बाळ वजनाने मोठे दिसेलच असे नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या गावांत केलेल्या अभ्यासात बाळे सरासरी 2.7 किलोची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. तरी पुण्याकडच्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हैसूरच्या पार्थेनॉन अभ्यासात 1997-98 मध्ये तपासलेल्या 785 स्त्रियांपैकी 6.2 टक्क्यांना गरोदरपणातला मधुमेह निघाला. त्यांची मुले साडेनऊ वर्षांची झाली तेव्हा इतरांपेक्षा अधिक चरबीची होती. बंगळुरूच्या सरकारी रुग्णालयांत 2016 मध्ये डॉ. गिरिधर बाबू यांनी ‘मास्ती’ अभ्यास सुरू केला. त्यात नवजात बाळाच्या दंडावरची आणि खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी मोजली. मधुमेही मातांच्या बाळांत ती जास्त भरली. नुसता वजनकाटा पाहून निश्चिंत होणे म्हणूनच चुकीचे आहे.

भारतात गरोदरपणातल्या मधुमेहाची चाचणी सोपी ठेवली आहे: उपाशी असा वा नसा, 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायचे, दोन तासांनी रक्त द्यायचे. साखर 140 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक असली तर मधुमेह. नाव नोंदवताना एकदा आणि 24 ते 28 व्या आठवड्यात पुन्हा. ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’ हा घरातल्या बायकांचा आग्रह मायेचा असतो, पण दिवसाला जादा लागतात सुमारे 350 किलोकॅलरी. दोन पोळ्या आणि वाटीभर वरणात भागते. अमेरिकी निकषांप्रमाणे 30 च्या पुढे बीएमआय असलेल्या स्त्रीचे वजन नऊ महिन्यांत 5 ते 9 किलो वाढावे. गरोदरपणात उपास करून वजन उतरवू नये. चालणे चालू ठेवावे, फॉलिक ॲसिड गर्भ राहण्याआधीच सुरू करावे. वजनावरून बाईला टोचून बोलणे तर तिला तपासणीपासूनच दूर नेते.

ज्यांना मधुमेह निघाला त्यांनी प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपासायची असते, कारण पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता त्यांना बरीच जास्त असते. घरातले लक्ष बाळाकडे वळल्याने ही तपासणी सहज राहून जाते. बाळाची पेंटाव्हॅलंट लस त्याच सहाव्या आठवड्यात असते. त्या फेरीत आईचेही रक्त घेता येते.